सोन्याचा कान

हुपरीच्या चन्नाप्पाला ऐकू येत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक खुद्द चन्नाप्पा आणि दुसरी त्याची बायको गौराबाई. निदान चन्नाप्पा तसं धरून चालला होता. वय अठ्ठावन्न, त्यातली छत्तीस वर्षं एकाच फौंड्रीत गेलेली. आणि त्या फौंड्रीत त्याचं नाव कशासाठी होतं म्हणाल, तर कानासाठी.

आता फौंड्री म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्या पावण्यांसाठी सांगतो. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, निवलं की साचा फोडून आतला नग बाहेर काढायचा. नगाला वाळू चिकटलेली असते, कडेनं नको तिथं लोखंडाची शिंगं फुटलेली असतात. ती छिनीनं तोडायची, ग्राइंडरनं घासायची. ह्या खात्याला फेटलिंग म्हणतात. तिथं आवाज एवढा की शेजारच्याला बोलवायचं तर खडा मारावा लागतो. ह्या खात्याच्या शेवटच्या बाकावर चन्नाप्पा बसायचा. नग डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हातातल्या बारक्या हातोडीनं एक ठोका द्यायचा. नग चांगला असला तर खणखणीत वाजतो. आत चीर असली तर बद्द वाजतो. मडकं घेताना बाया टिचकी मारून बघतात, तसंच हे. चांगला नग डावीकडं, खराब उजवीकडं. चन्नाप्पानं पास केलेला नग गिऱ्हाइकाकडनं परत आलाय, असं कुणी बघितलं नव्हतं.

मग बहिरा माणूस हे करत होता कसं? तेच तर सांगतोय.

कान काय एका दिवसात जात नाही. गौराबाई घरी बसून पैंजणाला घुंगरं लावायची, हुपरीत घरटी हेच चालतं. पंधरा-सोळा वर्षांमागं एक दिवस चन्नाप्पाच्या ध्यानात आलं की बायको पैंजण हलवून बघतीय आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. मग कुकरची शिट्टी गेली. मग पाठीमागनं येणाऱ्या एस्टीचा हॉर्न गेला. माणसांची तोंडं बघून बोलणं ओळखायची सवय त्यानं स्वतःला लावून घेतली, आणि तोंड दिसलं नाही की "व्हय व्हय" म्हणायची. लोकांना वाटायचं, म्हातारा जरा तिरसट आहे. तिरसट म्हटलेलं त्याला चालत होतं.

गौराबाईला कळलं ते वाईट रीतीनं कळलं. चुलीकडं तोंड करून तिनं सांगितलं, "निपाणीचा माझा अण्णा गेला." चन्नाप्पा पाठीमागनं म्हणाला, "बरं झालं की." चार दिवस ती बाई नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं त्याच्या पाठीमागं उभं राहून हातातलं ताट फरशीवर टाकलं. चन्नाप्पा वळला नाही. तिथंच खाली बसून ती रडली, भावासाठी आणि नवऱ्यासाठी, एकदमच.

पण कान जाता जाता हातानं काम उचललं होतं. चांगल्या नगाची थरथर तळहातातनं कोपरापर्यंत चढायची आणि सावकाश विरायची. चिरलेल्या नगाची मनगटातच मरायची. म्हणून चन्नाप्पा डाव्या हातात कधीच हातमोजा घालत नव्हता. बघणाऱ्यांना वाटायचं कान बोलतोय. तो सांगत नव्हता, कारण त्याच्या आधी ह्याच बाकावर बसणाऱ्या ज्ञानूचं काय झालं ते त्यानं बघितलं होतं. ज्ञानूचा कान गेला हे उघड झालं, त्याला बाकावरनं उठवून वाळू चाळायला घातलं, आणि मरेपर्यंत कालची पोरं त्याला "ए बहिऱ्या" म्हणत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेवढी मूठ झाकून काढायची, एवढंच चन्नाप्पाचं मागणं होतं.

आणि नेमकं तेव्हाच ते प्रदर्शन आलं.

कोल्हापुरात फौंड्रीवाल्यांचं चार दिवसांचं प्रदर्शन भरलं. मोठा मांडव, आत दोनशे स्टॉल, पुण्या-मुंबईपासून खरेदीदार येणार. चन्नाप्पाचे मालक गणपतराव, त्यांनी आयुष्यात कधी स्टॉल घेतला नव्हता. "माल चांगला आसला की गिऱ्हाईक हुडकत येतंय," असं म्हणणारा माणूस. पण त्यांची मुलगी स्नेहल इंजिनियर होऊन धंद्यात आली होती, तिनं हट्टानं स्टॉल घ्यायला लावला. नग मांडायला, हलवायला म्हणून चन्नाप्पाला बरोबर घेतलं.

पहिला दिवस गुरुवारचा. गणपतरावांच्या स्टॉलवर काय होतं? एक टेबल, रंग दिलेले नग, माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि वाटीत पेपरमिंट. समोरच्या स्टॉलवर यंत्राचा हात पेल्यात ताक ओतून लोकांच्या हातात देत होता, तिथं मुंग्यांसारखी माणसं. डावीकडं भगवे फेटे बांधून फोटो काढून देत होते. पलीकडं एकानं चक्क तांबडा-पांढरा रस्सा ठेवला होता, कागदी कपातनं. लोखंडाचा आणि रश्श्याचा काय संबंध, पण गर्दी बघाल तर तिथंच. मांडवाच्या टोकाला हलगी आणि लेझीम. आणि आमच्या गणपतरावांकडं माणसं यायची, एक पेपरमिंट उचलायची आणि चालू पडायची. एकानं तर पोरांसाठी म्हणून मूठभर उचलली. गणपतराव सायंकाळपर्यंत खुर्चीत बसून होते, तोंड एवढंसं झालं होतं.

"बघ," ते लेकीला म्हणाले. "लोकास्नी तमाशा पायजे. माल कुणाला पायजे?"

स्नेहलचं लक्ष तिकडं नव्हतं. ती चन्नाप्पाकडं बघत होती. तो टेबलावरचे नग पुसून परत मांडत होता आणि सवयीनं एकेकाला ठोका देत होता. पाचव्या नगाशी त्याचा हात थांबला. त्यानं तो नग टेबलाखाली ठेवला.

"अप्पा, तो का काढला?"

तिचं तोंड समोर होतं म्हणून त्याला कळलं. "चिरलाय, बाई. रंगाखाली दिसंना, पर चिरलाय."

नग घासून बघितला. केसाएवढी चीर निघाली. पोरीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिचं म्हणणं त्याला निम्मंच कळलं, पण 'डोळे बांधून' एवढं नीट कळलं.

शुक्रवारी सकाळी स्टॉलवर मोठा फ्लेक्स लागला होता. 'चन्नाप्पांचा सोन्याचा कान! सहा नग, एक खराब. डोळे बांधून, नुसत्या कानानं ओळखणार. हरवून दाखवा, चांदीचं नाणं घेऊन जा!' खाली चन्नाप्पाचा फोटो, त्याच्या कानाभोवती पिवळं वर्तुळ. चन्नाप्पा ते बघून गार झाला. नको म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारी गणपतराव उभे होते. त्यांनी फ्लेक्स बघितला, चन्नाप्पाकडं बघितलं, क्षणभर काहीतरी बोलतीलसं वाटलं. मग म्हणाले, "कर की रं. तुला काय अवघड हाय?"

डोळे बांधायचे, हीच खरी धास्ती. चन्नाप्पाचे डोळे हेच त्याचे कान, आणि तेच बांधायचे म्हणजे माणूस पोत्यात घातल्यागत. पण त्यानं स्नेहलला पढवलं. "एकेक नग तू माझ्या डाव्या हातात दे. सहा झालं की खांद्यावर थाप मार." तिला वाटलं गर्दीच्या गोंगाटामुळं सांगतोय. लोकांनी नग उलटसुलट करायचे, तिनं हातात द्यायचे, ह्यानं ठोका मारायचा, शेवटी बोटं वर करून आकडा सांगायचा.

पहिल्यांदा आठ-दहा माणसं होती. चन्नाप्पानं बोटं वर केली, तीन. तिसरा नग घासला, चीर. मग वीस माणसं झाली, मग पन्नास. "नादखुळा म्हातारा!" असं कुणीतरी ओरडलं, म्हणे. चन्नाप्पाला त्यातलं काही कळलं नाही. दुपारी हलगीवाले मुद्दाम स्टॉलशेजारी येऊन वाजवायला लागले, ह्याला फसवायचंच म्हणून. लोक म्हणाले, आता बघू. चन्नाप्पाला हलगीचा काय त्रास? त्यानं बोटं वर केली, पाच. बरोबर. लोकांनी तोंडात बोटं घातली. समोरचा यंत्राचा हात ताकाचा पेला धरून उभा राहिला, घ्यायला माणूस नाही.

शुक्रवारी चाळीस वेळा, शनिवारी दुपारपर्यंत तीस वेळा. एकदाही चुकला नाही. गणपतरावांच्या टेबलावर खरेदीदारांच्या कार्डांचा ढीग झाला. चन्नाप्पाला आनंद होत होता का? होत होता की. खोटं कशाला बोला. छत्तीस वर्षं एका कोपऱ्यातल्या बाकावर ठोकत बसलेला माणूस, त्याला बघायला कोट घातलेली माणसं टाचा उंचावून उभी. पण प्रत्येक वेळी डोळ्यांवरची पट्टी सुटली की समोर तो फ्लेक्स दिसायचा, पिवळ्या वर्तुळातला कान, आणि तो पटकन डोळे खाली घ्यायचा.

शनिवारी चारच्या सुमाराला पुण्याचे एक खरेदी अधिकारी आले. ट्रॅक्टर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे, गणपतराव ज्यांच्या मागं तीन वर्षं होते तेच. त्यांनी एक खेळ शेवटपर्यंत बघितला. मग अगदी अदबीनं म्हणाले, "बाबा, तुम्ही कमाल करता. पण ही तपासणी नीट घ्यायची तर नग हातात धरत नाहीत. तारेला टांगतात. मोकळा वाजला पाहिजे. तसं करून दाखवाल?"

पट्टी अजून बांधायची होती, म्हणून चन्नाप्पानं त्यांच्या ओठांवरनं हे सगळं वाचलं. त्याचा डावा हात आपोआप टेबलावरच्या नगाकडं गेला.

माणूस वाईट नव्हता, बरं का. धंद्यातला होता, बरोबर तेच बोलला. स्नेहलनं तर टाळ्याच पिटल्या. स्टॉलच्या आडव्या पाइपाला बाइंडिंगची तार बांधून सहा नग ओळीनं टांगले. शंभरभर माणसं गोळा झाली. चन्नाप्पानं गणपतरावांकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली.

पट्टी बांधली. अंधार झाला.

चन्नाप्पा उभा राहिला. आता स्नेहल पहिला नग ठोकेल, मग काय करायचं? एक तर अंदाजानं बोटं वर करायची. सहात एक, लागला तर लागला. नाही लागला तर म्हणायचं, वय झालं, दमलो. ह्यात अवघड काय होतं? पण छत्तीस वर्षांत त्यानं एक नग अंदाजानं सोडला नव्हता. चन्नाप्पा सुरू होण्याची वाट बघत राहिला. वाट बघितली, बघितली, आणि खांद्यावर थाप पडली.

सहाच्या सहा वाजून झाले होते. त्याला पत्ताही नव्हता.

सगळी माणसं गप्प उभी असणार, आपल्या बोटांकडं बघत असणार, हे त्याला पट्टीच्या आतनं दिसत होतं. त्यानं पट्टी ओढून काढली. आवाज किती मोठा लागेल याचा त्याला अंदाज नसायचा, तो ओरडलाच.

"मला ऐकू येत न्हाय. पंधरा वर्सं झाली. कायबी ऐकू येत न्हाय मला!"

पुढं काय व्हावं? शंभर माणसं खदाखदा हसली आणि टाळ्या वाजवायला लागली. म्हाताऱ्यानं नवीन नाटक काढलं, असं त्यांना वाटलं. चन्नाप्पाला दोनशे हात एकमेकांवर आपटताना दिसत होते, आवाज मात्र नव्हता. गणपतराव चटकन पुढं झाले, हसत हसत पावण्यांना काहीतरी म्हणाले, तारेवरचा एक नग सोडून चन्नाप्पाच्या डाव्या हातात दिला. मग दुसरा. हातानं आपलं काम केलं. चौथा नग खराब. पुण्याचे पावणे पाठ थोपटून, कार्ड देऊन, मंगळवारी कारखाना बघायला येतो म्हणून गेले. आयुष्यात एकदा खरं बोलायचं धाडस केलं, आणि त्याचाही खेळ झाला.

गर्दी पांगल्यावर चन्नाप्पा स्टॉलच्या पडद्यामागं गेला. गणपतराव पाठोपाठ आले, त्याच्या समोर उभे राहिले, आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करत बोलले. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं.

"मला म्हाईत हाय, चन्नाप्पा. आठ वर्सं म्हाईत हाय."

चन्नाप्पा बघतच राहिला.

"एकदा जेवणाचा हूटर झाला. समदी गेली, तू एकटाच ठोकत बसलायस. मी केबिनच्या काचंतनं बघितलं. पाच मिनटांनी तू मान वर केलीस, कुणी न्हाय बघून दचकलास. तवाच वळखलं."

"मग बोलला न्हाईसा?"

"काय बोलू? तुला वाळूवर घालू? तुझा हात चालतोय तर कान कशाला पायजे, म्हटलं. झाकून नेलं." मग म्हणाले, "आणि आपल्या हितं माणसं बहिरी व्हत्यात असं झालं, तर तपासणीवाली येऊन बसली असती, हेबी खरं."

चन्नाप्पाच्या डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षं ह्या माणसासमोर आपण सोंग करत होतो आणि हा काचेतनं बघत होता! वर आपल्याच कानाचा फ्लेक्स लावून दिला!

"कानात घालायला बुचं दिली आसती तर हे झालं आसतं का?" तो ओरडला. "भट्टीला धा लाख घालतासा, कानाला बुच मिळना?"

गणपतरावांचं तोंड लाल झालं. पण ते ओरडले नाहीत, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दिलीती," ते म्हणाले. "खोकी भरून आणलीती. समद्यांम्होरं हसलं कोण? फेटलिंगवाल्यानं कान झाकला तर नग काय नाकानं ऐकायचा, असं कोण म्हणालं? ती खोकी अजून स्टोअरमदी पडल्यात. आणि त्यो कृष्णात नवा आलता, कानात कापूस घालून यायचा. त्याच्या कानातला कापूस कुणी काढला, चन्नाप्पा?"

चन्नाप्पाला उत्तर ठाऊक होतं.

कृष्णात त्याच्या शेजारच्या ग्राइंडरवर होता, अकरा वर्षं. आता चौतीसचा, बायको वर्षाराणी, दोन लेकरं. आला तेव्हा रोज कापसाचे बोळे कानात घालायचा. चन्नाप्पानं एक दिवस सगळ्यांदेखत ते बोटानं काढले आणि फेकून दिले. "डोळं झाकून गाडी चालिवतोस काय? कान उघडा ठेव, तर कारागीर हुशील." सगळं खातं हसलं होतं. आणि तेव्हा चन्नाप्पाचा स्वतःचा कान निम्मा गेलेला होता. कान कसा जातो, काय काय घेऊन जातो, हे त्याच्याइतकं त्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग का काढला कापूस? जो कान उघडा ठेवा म्हणून सांगतो तोच बहिरा असेल, असा संशय कुणाला येईल? म्हणून. स्वतःची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून दुसऱ्याच्या लेकाचा कान उघडा टाकला. एवढं सरळ होतं ते.

हुपरीच्या एस्टीत तो खिडकीला डोकं टेकून बसला. घरी गेल्यावर गौराबाईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पैंजण बाजूला ठेवलं, त्याच्या समोर येऊन बसली. ती नेहमी समोर येऊनच बोलायची.

"कृष्णातची वर्षाराणी भेटलीती बाजारात," ती म्हणाली. "म्हणत हुती, आमचं ह्ये टीव्ही लई मोठा लावत्यात. पोरगं हाक मारून मारून रडतंय, तरी वळत न्हाईत. म्हणाली, मावशी, चन्नाप्पामामांनी त्यांस्नी येवढं शिकिवलं, बोलणं कमी करायलाबी त्यांच्याकडनंच शिकल्यात."

"मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"सांगून तुम्ही काय केलं आसतासा?" गौराबाई रागानं म्हणाली. "तुमास्नी तुमचा बाक प्यारा. उद्या जाऊन त्या माणसाला सांगा. मालकाला इचारायच्या आधी तुम्ही सांगायला पायजे हुतं."

चन्नाप्पा जेवला नाही. बाक जाईल, लोक 'बहिऱ्या' म्हणतील, ह्याची भीती आता उरली नव्हती असं नाही. होती. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी छातीवर येऊन बसलं होतं.

रविवारी, शेवटच्या दिवशी, तो स्टॉलवर सगळ्यांच्या आधी पोचला. स्नेहल आली तर फ्लेक्स खाली उतरवून, गुंडाळून ठेवलेला.

"अप्पा, हे काय? आज तर सगळ्यात जास्त गर्दी होणार."

"बाई, काल मी बोललो ते नाटक नव्हतं." त्यानं तिला सगळं सांगितलं. पोरगी ऐकत गेली तशी पांढरी पडत गेली. तिनं वडिलांकडं बघितलं. गणपतराव कार्डांचा ढीग उगाच सरळ करत बसले होते. चन्नाप्पाचा डावा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मीच तुमच्या कानाला वर्तुळ काढलं होतं." तिचे डोळे भरून आले होते.

दुपारपर्यंत स्टॉलवर काही नव्हतं. माणसं यायची, "सोन्याचा कान कुठाय?" विचारायची आणि ताकाकडं वळायची. चन्नाप्पा खुर्चीत बसून मांडवाच्या दाराकडं बघत होता. कारखान्याला सुट्टी सोमवारची, त्यामुळं रविवारी काम चालू असायचं, आणि नग परत न्यायला टेंपोबरोबर कृष्णात येणार होता.

तीनला तो आला. धडधाकट गडी, अंगात कामाचेच कपडे. "चला मामा, भरूया," असं मोठ्यानं म्हणाला. तो मोठ्यानं बोलतो हे चन्नाप्पाला आजवर ऐकून कळणं शक्यच नव्हतं, पण आज त्यानं बघितलं की जवळची दोन माणसं दचकून वळली. म्हणजे इथवर आलं होतं.

चन्नाप्पा उठला. "कृष्णात, मला काय सांगायचंय."

कृष्णात वाकून नग उचलत होता. तो वळला नाही.

"कृष्णात, तुझ्या कानातला कापूस म्या काढला, ती माझी चूक हुती."

कृष्णातनं मान वर केली. "काय म्हणालासा?"

चन्नाप्पानं परत सांगितलं. हलगी वाजत असावी, कारण कृष्णातनं हाताची वाटी करून कानामागं धरली आणि चेहरा वेडावाकडा केला. "आं? कशाचं कापूस? मोठ्यानं बोला की मामा!"

अकरा वर्षं शेजारी बसलेली दोन माणसं समोरासमोर उभी होती आणि एकाला दुसऱ्याचं ऐकू जात नव्हतं. चन्नाप्पानं छाती भरून श्वास घेतला आणि त्या मांडवात, दोनशे स्टॉलच्या मधोमध, आयुष्यात ओरडला नव्हता एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"तुझा कान म्या घालिवला रं, कृष्णात! मी स्वता बहिरा हुतो! मला समदं ठावं हुतं, तरी तुझा कापूस म्या काढला! मला ऐकू येत न्हाय हे कुणाला कळू नये म्हणून काढला!"

हलगीवाल्यांचे हात थांबले. ते चन्नाप्पाला दिसलं. ताकाच्या रांगेतली माणसं वळली. फेटे बांधलेली माणसं फोटो टाकून आली. तीन दिवसांत झाली नव्हती एवढी गर्दी गणपतरावांच्या स्टॉलभोवती गोळा झाली, आणि ह्या खेपेला कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. त्या गर्दीत कामगार गडी पुष्कळ होते. त्यांतला एक उगाच स्वतःच्या कानाला हात लावून उभा होता.

कृष्णातला ह्या वेळी ऐकू गेलं होतं. तो खाली बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण मान खाली, चन्नाप्पाला काही कळेना. शिवी देतोय काय, माफ करतोय काय, काही कळेना. शिवी दिली असती तरी चाललं असतं. चन्नाप्पा पुढं झाला, त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"वर बघून बोल, लेका. मला दिसंना."

कृष्णातचे डोळे वाहत होते. त्यानं तोंड मोठं करून, सुटं सुटं सांगितलं.

"मामा, गेल्या आठवड्यात आपल्या खात्यात नवा गडी लागलाय की न्हाय? त्याच्या कानातला कापूस म्या काढून टाकलाय. तुम्ही म्हणालावतासा तसंच म्हणून."

चन्नाप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, आपण चुकीचं वाचलं की काय म्हणून. मग त्यानं विचारलं, "आज कामावर हाय त्यो?"

"हाय. सायंकाळपतोर हाय."

"टेंपोची किल्ली कुठाय?"

नग तसेच टेबलावर राहिले. गणपतराव खुर्चीतनं उठले, त्यांनी खिशातनं स्टोअरची चावी काढून चन्नाप्पाच्या हातात दिली. लोकांनी वाट दिली. चन्नाप्पा आणि कृष्णात मांडवातनं जवळजवळ पळतच बाहेर पडले, आणि टेंपो फौंड्रीच्या रस्त्याला लागला.